काशानच्या बागेत धरलेले चाक

मी एक जुनी व्हीलचेअर आहे. कुवेतच्या रिग्गई भागातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली मी उभी असते. माझे निळे रेक्झिन उन्हाने तडकले आहे. वाळूचा वारा सुटला की माझ्या चाकांत बारीक धूळ भरते. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर अडगळच म्हणाल. तरीही माझी हकीकत ऐका. ती माझ्यापेक्षा माझ्यावर बसलेल्या एका माणसाची आणि मला ढकलणाऱ्या एका बाईची आहे.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या नळ्या वाकवल्या, मला चाके लावली आणि घडी घालून खोक्यात भरले. जहाजाने मला शुवैखच्या बंदरात उतरवले. पहिली सहा वर्षे मी एका दवाखान्याच्या दाराशी काढली. दारापासून लिफ्टपर्यंत आणि लिफ्टपासून दारापर्यंत, एवढाच माझा प्रवास. कोणीही माझ्यावर पाव तासापेक्षा जास्त बसत नसे. कोणाची पाठ घामाने भिजलेली असे, कोणाचे गुडघे थरथरत. सुरुवातीला मला त्यांची काळजी वाटे. हा घरी गेला असेल का, ती बरी झाली असेल का, असे मनात येई. पण माणसे इतकी आली आणि गेली की पुढे पुढे मला कोणाचेच काही वाटेनासे झाले. हे सांगताना मला लाज वाटते, पण खरे तेच सांगायला हवे.

माझे एक चाक वाकले तेव्हा मला भंगारात काढले. शुवैखच्याच एका गॅरेजमध्ये अशरफ नावाचा केरळी मिस्त्री होता. त्याने मला उचलले, चाक सरळ केले, बेअरिंग बदलले आणि ‘दुकान उघडे आहे’ अशा थाटात मला दाराबाहेर मांडले. तिथे एका नोव्हेंबरच्या सकाळी लीनाताई आल्या.

“चलती है?” त्यांनी विचारले.

“दौडती है, मॅडम,” अशरफ म्हणाला. “सिर्फ बायाँ ब्रेक थोडा ढीला है. ध्यान रखना.”

“बरं,” लीनाताई म्हणाल्या. मराठीतच म्हणाल्या. अशरफला ते कळले की नाही, याकडे त्यांचे लक्ष नव्हते.

लीनाताई एका बँकेच्या आयटी विभागात काम करत. त्यांचे यजमान रविकांत नाशिकचे, पेशाने इंजिनिअर. बावीस वर्षे त्यांनी एका पेट्रोकेमिकल कारखान्यात पंप सांभाळले होते. बंद खोलीबाहेर उभे राहून, नुसत्या आवाजावरून, आतला कोणता पंप दमला आहे हे ते सांगत, अशी त्यांची ख्याती होती. मी त्या घरी जाण्याआधी महिनाभर, ऑक्टोबरातल्या एका सकाळी, बुटाची नाडी बांधताना ते कलंडले. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला, पण उजवा हात आणि उजवा पाय गेला. शब्दही गेले. एकच शब्द उरला, ‘हो’.

पाणी हवे का? हो. पंखा बंद करू? हो. दुखतंय? हो. दुखत नाही ना? हो.

लीनाताईंनी सगळे नीट केले. गोळ्यांचे डबे, पाठीला पावडर, फिजिओथेरपीच्या वेळा, कशात कधी चूक झाली नाही. त्यांचे हात रोज माझ्या मुठींवर असत, म्हणून मी सांगू शकते. त्या हातांत राग नव्हता आणि मायाही नव्हती. मला दवाखान्याची सहा वर्षे आठवत. माझे जे झाले होते, तेच या बाईचे होत होते. ओळखीच्या सुजाता वहिनी भेटायला आल्या, की म्हणत, “लीना, किती खंबीर आहेस गं तू!” लीनाताई म्हणत, “बरं.” आणि चहाचे कप उचलून आत नेत.

त्यांची मुलगी ज्ञानदा सतरा वर्षांची होती. तिचा जन्म इथलाच. आई मराठीत विचारी आणि ती इंग्रजीत उत्तर देई. बाबांजवळ ती फार थांबत नसे. जाता-येता माझ्या पाठीवर हात ठेवून “आर यू ओके, बाबा?” एवढे विचारी. बाबा म्हणत, “हो.”

फिजिओथेरपीच्या वाटेवर एक इराणी रोटीची भट्टी होती. भट्टीवाला गुलामरझा मूळचा इराणमधल्या काशान गावाजवळचा. आजारपणाच्या आधी रविकांत रोज पहाटे त्याच्याकडून रोट्या आणत आणि दोघे मोडक्या हिंदीत, मोडक्या अरबीत गप्पा ठोकत. गुलामरझा त्यांना ‘मोहंदिस’ म्हणे, म्हणजे इंजिनिअर. काशानला फिन नावाची चारशे वर्षांपूर्वीची बाग आहे, हे त्यानेच सांगितले होते.

“उधर पानी खुद उछलता है, मोहंदिस,” तो म्हणाला होता. “मोटर माफी.” कुवेतच्या बाजारी बोलीत ‘माफी’ म्हणजे ‘नाही’.

“पंपाशिवाय कारंजं? खोटं आहे,” असे रविकांतनी घरी येऊन सांगितले होते आणि पुढच्या ईदला स्वतः जाऊन बघायचे ठरवले होते. हे मला लीनाताईंनी सुजाता वहिनींना सांगितलेल्या गोष्टींतून कळले. त्या ते असे सांगत, जणू शेजारच्या घरातली गोष्ट आहे.

मे महिन्यात कंपनीचे पत्र आले. नोकरी संपली होती. नोकरीवरच इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, अवलंबून असतो. ऑगस्टपर्यंत रविकांतना देश सोडायचा होता. ज्ञानदाचे बारावीचे वर्ष सुरू होते. नाशिकला रविकांतचे धाकटे भाऊ जगन्नाथ राहत. त्यांनी फोनवर सांगितले, “वहिनी, दादाला आमच्याकडे पाठवा. तुम्ही तिथे नोकरी सांभाळा.” लीनाताईंनी फोन स्पीकरवर टाकला आणि माझ्या हाताशी धरला.

“अहो, भाऊजींकडे जाल ना?”

“हो,” रविकांत म्हणाले.

“झालं तर मग,” जगन्नाथ पलीकडून म्हणाले.

ज्ञानदा दारात उभी होती. ती म्हणाली, “आई, ही सेज हो टू एव्हरीथिंग.”

लीनाताईंनी तिच्याकडे पाहिले. “मग काय करू मी?” असे त्या म्हणाल्या. त्यात चिडणे नव्हते. खरेच काही सुचत नसलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. ज्ञानदा खोलीत निघून गेली.

जूनमध्ये, ईदच्या आधी, गुलामरझा घरी आला. हाताला पीठ तसेच होते. तो सुट्टीवर गावी निघाला होता. “खानम, मोहंदिसने मला शब्द दिला होता,” तो आपल्या हिंदीत म्हणाला. “आता ते हिंदुस्तानला जाणार. मग कधी येणार? माझ्याबरोबर चला. भावाची गाडी आहे.” मला वाटले, लीनाताई नको म्हणतील. त्यांनी नको म्हटले नाही, कारण नको म्हणायलाही काहीतरी वाटावे लागते. त्या म्हणाल्या, “बरं.”

अशी मी विमानाच्या पोटात, सामानाबरोबर, इराणला गेले; ज्ञानदाही बरोबर होती. तेहरानहून काशानपर्यंत गाडीच्या डिकीत घडी होऊन पडले होते. बाहेर काढले तेव्हा ऊन अगदी कुवेतसारखे होते. समोर मातीच्या रंगाची उंच भिंत होती. तिच्या दरवाजातून आत गेलो आणि सावली आली.

मित्रांनो, मी पाहिलेले पाणी म्हणजे नळाचे आणि फरशी पुसायच्या बादलीतले. इथे पाणी बागेच्या मधोमध सरळ रेषेत वाहत होते. पाटाला निळ्या-हिरव्या फरश्या होत्या. दोन्ही बाजूंना जुनी, जाड बुंध्यांची सुरूची झाडे उभी होती. पाटात ओळीने छोटी कारंजी होती. ती फार उंच नव्हती, पण सगळी सारख्या उंचीची होती आणि एकही दम टाकत नव्हते.

“देखो मोहंदिस!” गुलामरझाने दोन्ही हात पसरले. “मोटर माफी!”

रविकांतची मान डावीकडे कलली. सात महिन्यांत मी त्यांची मान शेकडो वेळा कललेली पाहिली होती, पण झोपेने. आज त्यांनी ती मुद्दाम कलवली होती. ते ऐकत होते. कुठेतरी पंपाची घरघर असेल, ती शोधत होते. पक्ष्यांचा आवाज होता, पोरांचा होता, पाण्याचा होता. घरघर नव्हती.

लीनाताईंनी बाग पाहिली, जशी ऑफिसात स्क्रीन पाहत असतील तशी. सुरूंपुढे मला उभे करून त्यांनी फोटो काढला. एक ज्ञानदाबरोबर, एक गुलामरझाबरोबर. मग मधल्या जुन्या महालापर्यंत आम्ही गेलो. गुलामरझा म्हणाला, “पुढे मागच्या बाजूला हौद आहे. तिथे पाणी जमिनीतून उकळल्यासारखं वर येतं. खरी गंमत तिथेच.”

“इतकं पुरे,” लीनाताई म्हणाल्या. “त्यांना ऊन लागेल. अहो, जाऊया ना परत?”

“हो,” रविकांत म्हणाले.

लीनाताईंनी मला वळवले आणि ढकलले. माझे उजवे चाक पुढे गेले. डावे जागेवरच राहिले. मी गर्रकन डावीकडे फिरले. त्यांनी मला सरळ केले आणि पुन्हा ढकलले. मी पुन्हा डावीकडे फिरले.

“खडा अडकला वाटतं,” त्या म्हणाल्या. त्यांनी वाकून डावा ब्रेक पाहिला. तो मोकळा होता. मग त्यांना हात दिसला.

चाकाच्या बाहेर एक लोखंडी कडी असते. बसणाऱ्याला स्वतः चाक फिरवता यावे म्हणून ती लावलेली असते. सात महिन्यांत रविकांतनी तिला कधी स्पर्श केला नव्हता. आज डाव्या हाताने त्यांनी ती अशी धरली होती, की बोटांची पेरे पांढरी पडली होती.

“अहो, सोडा. बोट अडकेल.”

“हो.”

“सोडा म्हणते ना.”

“हो. हो.”

पकड आणखी घट्ट झाली. माझ्या चाकाच्या तारा ताणल्या गेल्या. मी लोखंडाची आहे, मला ढकलणे आणि ओढणे एवढेच कळते. पण त्या मुठीचा अर्थ मला कळला.

ज्ञानदा म्हणाली, “आई, ही डझन्ट वॉन्ट टू गो.”

लीनाताई माझ्या मागून पुढे आल्या आणि रविकांतसमोर उकिडव्या बसल्या. मित्रांनो, एक गोष्ट सांगते. खुर्ची ढकलणाऱ्याला बसलेल्याचा चेहरा कधीच दिसत नाही. दिसतात ते केस, कानाच्या पाळ्या आणि रस्ता. घरीसुद्धा लीनाताई भरवताना चमचा बघत, शर्ट घालताना बटण बघत. आता त्या चेहरा बघत होत्या. रविकांतचा चेहरा लाल झाला होता आणि डोळे भयंकर रागावलेले होते.

“तुम्हाला परत जायचं नाहीये?” लीनाताईंनी हळू विचारले.

“हो,” रविकांत म्हणाले. आणि एक एक बोट सैल पडत गेले. कडी सुटली. त्यांच्या तळव्यावर लाल वळ उठला होता.

लीनाताई उठल्या, माझ्या मागे आल्या आणि मला बागेच्या मागच्या बाजूकडे वळवले. वाटेत पायऱ्या होत्या. गुलामरझाने आणि तिथल्या एका माळ्याने मला माणसासकट उचलले.

हौदाच्या तळाला कितीतरी छिद्रे होती आणि प्रत्येकातून पाणी वर येऊन पृष्ठभागावर फुगा धरत होते. रविकांत बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी डावा हात उचलला. भिंतीपलीकडे, डोंगराकडे दाखवला. तो उंच धरला आणि तिरका खाली आणला. मग अंगठा आणि बोट यांचे मोठे कडे केले, आणि ते लहान लहान करत नेले.

“हाँ! हाँ!” गुलामरझा ओरडलाच. “डोंगरातलं पाणी. वरून येतं. नळी आधी मोठी, मग बारीक. माझा आजा असंच हात करून सांगायचा!”

“जेवताना असंच करायचे,” लीनाताई ज्ञानदाला म्हणाल्या. “तू लहान होतीस. आमटीच्या वाट्या उंच-खाली मांडून सांगायचे.”

“आय रिमेम्बर,” ज्ञानदा म्हणाली.

तुम्हाला वाटेल, लीनाताई आता रडल्या असतील. नाही रडल्या. माझ्या मुठीवर त्यांचा हात होता. तो पूर्वीसारखाच निश्चल होता. त्या हौदाच्या काठावर बसल्या. मग त्यांनी रविकांतचा डावा हात उचलला आणि स्वतःच माझ्या कडीवर ठेवला.

“नको असेल तर धरा,” त्या म्हणाल्या. “जगन्नाथभाऊजींकडे राहायला जायचं?”

“हो.” मूठ आवळली.

“मग कुवेतलाच राहायचं? काहीतरी खटपट करून?”

“हो.” मूठ आवळलेलीच होती.

“मी नोकरी सोडून तुमच्याबरोबर येऊ? आत्ताच?”

“हो!” या वेळी इतक्या जोराने, की मी जागच्या जागी हलले.

लीनाताईंजवळचे प्रश्न संपले होते. पाण्याचे फुगे येत होते, फुटत होते. गुलामरझा लांब जाऊन पाठमोरा उभा राहिला.

मग ज्ञानदा माझ्याजवळ खाली बसली आणि मराठीत म्हणाली, “बाबा, आपल्या घरी? नाशिकच्या, आपल्या स्वतःच्या घरी?”

नाशिकला त्यांचा एक फ्लॅट होता. बारा वर्षे तो कुलूपबंदच असे. फक्त सुट्टीत उघडत.

रविकांतनी कडी सोडली. हात उचलून मांडीवर ठेवला.

“तिथे एकटे कसे राहाल?” लीनाताईंनी विचारले.

“हो,” रविकांत म्हणाले. त्यांचे तोंड डावीकडे वाकडे झाले. ते हसू असावे.

“दिवसरात्र माणूस ठेवावा लागेल. भाऊजींना वाईट वाटेल. आणि मला यायला मार्च उजाडेल, हिची परीक्षा झाल्यावर.” त्या एकेक गोष्ट मोठ्याने बोलत होत्या आणि प्रत्येक वेळी हाताकडे बघत होत्या. हात मांडीवरच होता. शेवटी त्या म्हणाल्या, “मी खूप दमलेय हो.” सात महिन्यांत स्वतःबद्दल त्या पहिल्यांदाच काही बोलल्या.

रविकांत “हो” म्हणाले. हा ‘हो’ मात्र खरा होता, असे मला वाटते.

परत आल्यावर जगन्नाथांशी फोन झाला. ते दुखावले. “वहिनी, भाऊ असताना दादा परक्या माणसाच्या हाती? लोक काय म्हणतील?”

“त्यांना विचारलंय मी.”

“दादाला बोलता कुठे येतं?”

“त्यांना बोलता येत नाही, भाऊजी. मला विचारता येतं.”

चार दिवस जगन्नाथांचा फोन आला नाही. पाचव्या दिवशी त्यांनीच मुकेश नावाचा, रुग्णांचे करण्याची सवय असलेला माणूस शोधून दिला. फ्लॅटच्या मोरीत धरायला दांडे त्यांनी स्वतः उभे राहून बसवून घेतले. आता ते रोज संध्याकाळी तिथे जातात आणि भावाशी पत्ते खेळतात. रविकांत एका हाताने खेळतात आणि जिंकतात, असे ऐकते.

ऑगस्टात विमानतळावर रविकांतना दुसऱ्या खुर्चीत बसवले. नाशिकला त्यांच्यासाठी नवी, हलकी खुर्ची आली होती. माझा निरोप कोणी घेतला नाही. खुर्चीचा निरोप घ्यायची पद्धत नाही. लीनाताईंनी मला घडी करून घरी आणले आणि गॅलरीत ठेवले. पहिले काही महिने धूळ बसली, कोळ्याने जाळे केले. मग हवा निवळली आणि लीनाताई संध्याकाळी माझ्यावर येऊन बसू लागल्या. इथे मोबाइलला रेंज चांगली मिळते. पलीकडे मुकेश फोन धरून उभा असतो. लीनाताई प्रश्न विचारतात आणि रविकांत अंगठा वर किंवा खाली करतात. पूर्वीसारख्या त्या अजूनही हसत-बोलत नाहीत. पण प्रश्न विचारला की थांबतात.

डिसेंबरातली एक संध्याकाळ मी विसरणार नाही. त्यांनी नेहमीसारखे विचारले, “जेवलात का?”

फोनमधून आवाज आला. जड, अडखळत, जिभेवर ओझे असल्यासारखा.

“ना... ही.”

लीनाताई हलल्या नाहीत. “काय म्हणालात?”

“नाही.”

“परत म्हणा.”

“नाही. नाही!”

आतून ज्ञानदा धावत आली. लीनाताईंनी फोन तिच्याकडे दिला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकले. माझ्या पाठीला त्यांची पाठ टेकली होती. ती गदगदा हलत होती. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही. मी मागे होते.

मार्चमध्ये परीक्षा झाली की या दोघी जातील आणि मी पुन्हा अशरफच्या दाराबाहेर उभी राहीन. मित्रांनो, कधी माझ्यासारखी खुर्ची तुमच्या हाती आली, तर तिच्या चाकांतली धूळ काढा, थोडे तेल घाला आणि ब्रेक तपासा. एवढे आमच्यासाठी. आणि ढकलण्याआधी पुढे येऊन, बसलेल्याला विचारा की कुठे जायचे आहे. मग उत्तर यायला जितका वेळ लागेल, तितका वेळ तिथेच उभे राहा.